खताची गोणी आणि मातीतलं कॅडमियम

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठच्या भातखाचरांत 1979 साली एक काम सुरू झालं, ते संपायला 2012 साल उजाडलं. खाचरातली वरची माती खरवडायची, खोल गाडायची, तिच्यावर घट्ट थर दाबून बसवायचा आणि त्यावर दुसरीकडून आणलेली स्वच्छ माती पसरायची. अशा रीतीने सुमारे 863 हेक्टर जमीन पुन्हा भाताखाली आली. खर्च आला 4,000 कोटी येनच्या वर, म्हणजे हेक्टरी साडेचार कोटी येनहून जास्त.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओका इथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात थोडं कॅडमियम नेहमीच असतं. खाणीचं धुवण नदीत आणि नदीचं पाणी पाटांतून खाचरांत, असं कित्येक दशकं चाललं. भाताचं पीक वरून चांगलंच दिसायचं. आजारी पडली ती माणसं, आणि त्यातही मुख्यतः अनेक बाळंतपणं झालेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बायका. त्यांची हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याच्या उबळीनंही बरगडी मोडायची. त्यांच्या विव्हळण्यावरूनच आजाराचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. तिथेच दवाखाना चालवणारे डॉ. नोबोरू हागिनो यांनी या दुखण्याचा माग वर्षानुवर्षं काढला. अखेर 1968 साली जपान सरकारनं कॅडमियमचा दोष मान्य केला. प्रदूषणामुळे होणारा म्हणून तिथे सरकारदरबारी मान्य झालेला हा पहिला आजार.

माती बदलणं हा जड धातूंवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, पण हेक्टरी कोट्यवधींचा खर्च करून शेतं उकरणं बहुतेक देशांना परवडत नाही. शिवाय हजारो हेक्टरांवर पसरायला स्वच्छ माती आणायची कुठून? त्यासाठी दुसरा कुठला तरी डोंगर उघडा करावा लागतो. म्हणून संशोधकांनी आणि शेतकऱ्यांनी दुसरी वाट धरली. धातू मातीत आहे तिथेच राहू द्यायचा, फक्त पिकाच्या मुळाला तो उचलता येणार नाही अशी व्यवस्था करायची. या कामासाठी हाताशी असलेली हत्यारं म्हणजे चुना, स्फुरद, सिलिका, जस्त, शेणखत. कृषी सेवा केंद्रात आणि गोठ्यात मिळणारीच ही खतं. पण यातल्या काही खतांनी, किंवा त्यांच्याच भावंडांनी, हा प्रश्न वाढवलेलाही आहे. कोणतं खत कुठल्या मातीत आणि कुठल्या धातूवर, हे कळल्याशिवाय गोणी फोडू नये.

यातली मूळ गोष्ट साधी आहे. मातीत एकूण धातू किती आहे आणि त्यातला किती मुळाला मिळू शकतो, हे दोन वेगळे आकडे आहेत. धातूचा मोठा भाग चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या गंजासारख्या ऑक्साइडना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून बसलेला असतो. पाण्यात विरघळलेला भाग अगदी थोडा, आणि मूळ घेतं तो त्यातलाच. हे दोन भाग कसे वाटले जातील ते सगळ्यात जास्त ठरवतो मातीचा सामू.

मातीच्या कणांवर ऋणभाराच्या जागा असतात. त्या जागा एसटीतल्या बाकांसारख्या मोजक्या. माती आम्ल झाली की हायड्रोजनचे आयन घुसून बाकं अडवतात, आणि कॅडमियम, शिसं, जस्त, निकेल हे धातू खाली उतरून पाण्यात येतात. सामू एका अंकानं घसरला की पाण्यातला हायड्रोजन दहापट होतो, म्हणून साडेसहाची जमीन साडेपाचवर आली तर आकड्यात किरकोळ वाटणारा हा फरक भाताच्या दाण्यात मोठा दिसतो. चुना टाकला की हायड्रोजन निष्प्रभ होतो आणि धातू पुन्हा कणाला जाऊन चिकटतो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे रसायन दुसऱ्या बाजूनं चांगलं ठाऊक आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास असतो, नांगराला चुनखडीचे खडे लागतात. अशा जमिनीत उसावर केवडा पडतो, संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात. जमिनीत लोह आणि जस्त असतं, तरी पिकाला मिळत नाही, म्हणून आपण झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट टाकत राहतो. जस्ताला जी चुनखडी जखडून ठेवते, तीच कॅडमियमलाही जखडते. आपल्या काळ्या मातीत हे संरक्षण फुकट मिळालेलं आहे. कोकणातल्या तांबड्या जांभ्या जमिनीत ते नाही. तिथे सामू पाच-सहाच्या घरात असतो आणि पीक असतं भाताचं. धान्यांमध्ये कॅडमियम दाण्यापर्यंत पोचवण्यात भात पुढे असतो. कोकणात जिथे नवा कारखाना किंवा खाण शेताच्या वरच्या अंगाला येते, तिथे हा फरक विसरून चालणार नाही.

चीनच्या हुनान प्रांतातही जमीन आम्ल आहे आणि पीक भाताचं. हुनान चीनच्या भाताचं मोठं कोठार आहे, आणि शिसं, जस्त, अँटिमनी अशा धातूंच्या खाणींचाही तो प्रांत. मे 2013 मध्ये ग्वांगझू शहराच्या अन्न प्रशासनानं तांदूळ आणि तांदळाच्या पदार्थांचे 18 नमुने तपासले तेव्हा त्यातल्या 8 नमुन्यांत कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि वादळ उठलं. पुढच्या वर्षी, एप्रिल 2014 मध्ये, चीन सरकारनं देशभरच्या मातीच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. शेतजमिनीवरच्या नमुन्यांपैकी 19.4 टक्के ठिकाणं प्रमाणाबाहेर प्रदूषित होती आणि यादीत पहिला धातू कॅडमियम होता.

खाणी आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्या यांचा दोष उघड आहे. पण त्याआधी, 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्याकडे लोकांचं पुरेसं लक्ष गेलं नाही. चीनच्या मुख्य पीकजमिनींचा सामू 1980 च्या दशकापासून 2000 च्या दशकापर्यंत 0.13 ते 0.80 अंकांनी खाली आला, आणि त्याचं मुख्य कारण नत्रखताचा अतिवापर, असं त्यात दाखवलं होतं. युरिया किंवा अमोनियम सल्फेट मातीत पडलं की जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होतं. पीक नत्र पूर्ण वापरत असेल तर बराचसा हिशेब मिटतो. गोण्या जास्त पडल्या, नायट्रेट पाण्याबरोबर वाहून गेलं, की आम्ल मागे उरतं. म्हणजे खाणीतून कॅडमियम शेतात आलं आणि नत्रखतानं वाढवलेल्या आम्लानं त्याला मोकळं केलं. दोन्ही गोष्टी एकाच शेतात घडल्या, म्हणून तांदूळ बिघडला. एकाच जमिनीवर एवढा युरिया ओतण्याचं हे मोल कोणी गोणीवर छापत नाही, आणि मला ते छापायला हवं असं वाटतं.

हुनानमध्ये 2014 पासून चांगशा, झूझू आणि शियांगतान या शहरांच्या परिसरात लाखभर हेक्टरांवर उपाय सुरू झाले. त्यातले तीन मुख्य: कॅडमियम कमी उचलणारं वाण, खाचरात पाणी धरून ठेवणं आणि चुना. चुना स्वस्त आहे, परिणाम पहिल्याच हंगामात दिसतो. पण तो कायमचा नाही. पाऊस आणि पुढच्या वर्षीचा युरिया मिळून सामू पुन्हा खाली ओढतात आणि काही हंगामांनी चुना परत टाकावा लागतो. हात सैल सुटून जास्त पडला तर जस्त आणि बोरॉनची कमतरता उभी राहते.

पाणी धरून ठेवण्याचा उपाय जवळून बघण्यासारखा आहे, कारण भातखाचरात काय चाललेलं असतं ते आपण काठावरून कधी पाहत नाही. चिखलणी करून पाणी साचवलं की आठवड्याभरात चिखलातला प्राणवायू संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरं काहीतरी शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाचे ऑक्साइड, आणि अगदी शेवटी सल्फेट. सल्फेटपासून सल्फाइड तयार होतं. खाचरात पाय घातला की कुजक्या अंड्याचा जो वास येतो तो याच वायूचा. हे सल्फाइड कॅडमियमला धरतं आणि जवळजवळ न विरघळणारं कॅडमियम सल्फाइड बनतं. पाणी उभं आहे तोवर धातू कैदेत.

मग कापणी जवळ येते. जमीन वाळावी, विळा घेऊन आत जाता यावं म्हणून शेतकरी बांध फोडतो. भेगांतून हवा आत शिरते, सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं आणि काही दिवसांतच कॅडमियम मोकळं होतं. नेमकं याच वेळी लोंबीत दाणा भरत असतो आणि मुळं जोरात काम करत असतात. दाण्यातलं बरंचसं कॅडमियम या दिवसांत जातं. म्हणूनच जपानमध्ये प्रदूषित भागातल्या शेतकऱ्यांना लोंब्या निसवण्याच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी हटू देऊ नका असं सांगितलं जातं. जोडीला मातीचा सामू वाढवणारी खतं, कॅल्शियम सिलिकेट आणि भट्टीत वितळवून केलेलं मॅग्नेशियमयुक्त फॉस्फेट. दोन्ही अल्कधर्मी, म्हणजे खत आणि चुना यांचं काम एकदमच.

एवढी काळजी कशासाठी, याचा हिशेब कागदावर करून बघावा. आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्था कोडेक्सनं पांढऱ्या तांदळासाठी किलोमागे 0.4 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा ठेवली आहे, चीनची त्याच्या निम्मी, 0.2. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाच्या पोटात कोडेक्सच्या काठावरच्या तांदळातून 120 मायक्रोग्रॅम कॅडमियम जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं सुसह्य मानलेलं प्रमाण महिन्याला शरीराच्या किलोमागे 25 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला ते दिवसाकाठी 50 येतं. म्हणजे पोळी कमी आणि भातच जास्त खाणाऱ्या घरासाठी मर्यादेत बसणारा तांदूळही सुरक्षित असेलच असं नाही. आणि हा धातू मूत्रपिंडात शिरला की त्यातला अर्धा बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात. शरीरात लोह कमी असलेल्या माणसाच्या आतड्यातून तो जास्त शोषला जातो, आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. हे लक्षात आल्यावर मातीचा सामू हा स्वयंपाकघराचाही विषय होतो.

इथवर सगळं सरळ वाटतं: पाणी धरा, चुना टाका. आर्सेनिक मध्ये आलं की हेच उलटतं. बंगालमध्ये आणि बांगलादेशात उन्हाळी बोरो भाताला कूपनलिकांचं पाणी देतात आणि त्या पाण्याबरोबर आर्सेनिक खाचरात येतं. ते चिकटतं लोहाच्या ऑक्साइडना. पाणी साचून प्राणवायू संपला की जिवाणू ते ऑक्साइडच विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. कॅडमियमला कैद करणारं तुंबलेलं पाणी आर्सेनिकला सोडवतं. दोन्ही धातू एकाच खाचरात असतील तर सतत पाणी ठेवूनही चालत नाही आणि पूर्ण सुकवूनही नाही. पाणी किती दिवस आणि केव्हा ठेवायचं, याचा मध्य त्या त्या शेतात मोजून काढावा लागतो.

या पेचात दोन्हीकडे उपयोगी पडतं ते सिलिका. भात हे सिलिका भरपूर खाणारं पीक आहे. पानांची धार आणि तुसाचा खरखरीतपणा त्यातूनच येतो. मुळावर सिलिकासाठी एक खास दार असतं. जपानच्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली त्या दाराचं जनुक शोधलं, आणि दोनच वर्षांनी त्याच गटानं दाखवून दिलं की पाण्याखालच्या चिखलातलं आर्सेनिक याच दारानं आत घुसतं, कारण त्याचा रेणू आकारानं आणि वागण्यानं सिलिकाच्या रेणूसारखाच आहे. जमिनीत सिलिका मुबलक असेल तर आर्सेनिकला आत शिरायला वाव कमी मिळतो. शिवाय सिलिकेट खतं अल्कधर्मी, म्हणून कॅडमियमवरही त्यांचा धाक राहतो.

कोकणातल्या चारसूत्री भात लागवडीचं पहिलं सूत्र इथे आठवावं. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा शेताला परत द्यायचा. रोप कणखर व्हावं, खोडकिडीला आणि करप्याला तोंड देता यावं हा त्यामागचा विचार, धातूंचा त्यात संबंध नव्हता. पण राखेचा मोठा भाग सिलिकाच असतो, म्हणून सिलिका परत देण्याचा एक अगदी स्वस्त मार्ग आपल्याकडे आधीपासून आहे. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. प्रदूषित शेताचा पेंढा त्याच शेतात गाडला तर त्यानं उचललेला धातूही परत जातो. अशा ठिकाणी पेंढा शेताबाहेर काढायचा आणि तो जनावरांनाही घालायचा नाही.

कॅडमियमचं दार वेगळं आहे. ते मँगनीजच्या दारानं आत येतं. जपानी संशोधकांनी कार्बन आयनांचा मारा करून कोशिहिकारी या लाडक्या भाताचं असं वाण काढलं की ज्यात हे दार बिघडलेलं आहे. त्याच वंशातून आलेलं ‘अकिताकोमाची आर’ अकिता प्रांतात 2025 पासून मोठ्या प्रमाणावर लावलं जात आहे. दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरत नाही, पण रोपाला मँगनीजही कमी मिळतं आणि मँगनीज कमी असलेल्या जमिनीत पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग वाढतो. म्हणजे वाण बदललं तरी खताचा विचार सुटत नाही.

जस्ताचं बोलायचं तर कॅडमियम आणि जस्त हे रसायनानं जवळचे नातेवाईक आहेत. पिकाला जस्त कमी पडलं की ते त्याच्या शोधात कॅडमियमही जास्त ओढतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या जस्त कमी असलेल्या जमिनींवर हेक्टरी 5 किलोपर्यंत जस्त दिलं तेव्हा गव्हाच्या दाण्यातलं कॅडमियम काही ठिकाणी निम्म्यावर आलं. आपल्याकडे जस्ताची कमतरता व्यापक आहे, त्यामुळे झिंक सल्फेटची एक गोणी दोन कामं करू शकते. खात्रीच्या बनावटीचंच घ्यावं, कारण जस्त आणि कॅडमियम खाणीपासूनच सोबती आहेत आणि निकृष्ट झिंक सल्फेटमधून तोच धातू शेतात येऊ शकतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या क्विन्सी गावाजवळ कारखान्यांचा कचरा खत म्हणून शेतात गेल्याचं 1997 साली ‘सिअ‍ॅटल टाइम्स’नं उघडकीला आणलं, तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांवर अमेरिकेतही पुरेसं लक्ष नव्हतं हे दिसून आलं.

आता स्फुरद. शिशाच्या बाबतीत त्याची कामगिरी फार चांगली आहे. फॉस्फेट आणि शिसं एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं. ते इतकं कमी विरघळतं की पोटातल्या आम्लातही त्याचा थोडाच भाग सुटतो. कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंडच्या वस्तीत 2011 च्या सुमारास घरांच्या अंगणातली शिशानं बिघडलेली माती न उकरता तिच्यात माशांच्या हाडांची भुकटी मिसळली गेली. हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच, आपल्याकडच्या हाडखतासारखं. पण हाच उपाय वॉशिंग्टन राज्याच्या जुन्या सफरचंद बागांत धोक्याचा ठरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे लेड आर्सेनेट हे कीटकनाशक मनसोक्त फवारलं गेलं होतं, त्यामुळे मातीत शिसं आणि आर्सेनिक दोन्ही आहेत. फॉस्फेट घातलं की शिसं बांधलं जातं, पण आर्सेनेटचा आणि फॉस्फेटचा रेणू सारखा असल्यानं फॉस्फेट आर्सेनेटची जागा घेतं आणि आर्सेनिक खालच्या पाण्याकडे निघतं.

फॉस्फेट खत स्वतःसोबतही कॅडमियम आणतं. रॉक फॉस्फेट समुद्राच्या गाळातून बनलेला असेल, जसा मोरोक्कोचा, तर त्यात कॅडमियम जास्त असतं. रशियाच्या कोला द्वीपकल्पातला अग्निजन्य रॉक फॉस्फेट तुलनेनं स्वच्छ. युरोपीय संघानं जुलै 2022 पासून स्फुरदाच्या किलोमागे 60 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. त्या काठावरचं डीएपी आपण वापरलं असं धरू. अठरा-सेहेचाळीसच्या दोन गोण्या म्हणजे 100 किलो, त्यात 46 किलो स्फुरद, त्याबरोबर 2.76 ग्रॅम कॅडमियम. हेक्टरभर शेताच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात सुमारे 22 लाख किलो माती असते. म्हणजे किलोमागे भर पडते मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शाहून किंचित जास्त. दरवर्षी तेवढंच टाकलं आणि काहीच बाहेर गेलं नाही तर शंभर वर्षांत किलोमागे सुमारे 0.12 मिलिग्रॅम. ऊसवाला सहा गोण्या टाकत असेल तर 0.37. स्वच्छ मातीत मुळातच साधारण 0.1 ते 0.5 असतं. घाबरून डीएपी सोडण्याइतका हा आकडा नाही, पण जमीन नातवंडांच्याही कामी यायची आहे, म्हणून दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. न्यूझीलंडनं नाउरू बेटाच्या फॉस्फेटपासून केलेलं सुपर फॉस्फेट कुरणांवर अनेक दशकं पसरलं, आणि तिथे वय वाढलेल्या मेंढ्यांची आणि गुरांची मूत्रपिंडं माणसांच्या खाण्यातून वगळावी लागली.

पोटॅशची गोष्ट थोडक्यात. लाल पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. ते कॅडमियमशी जोडी करून त्याला मातीच्या कणापासून दूर, पाण्यातच ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या बटाट्यांवर खारट पाण्याचा असा परिणाम स्पष्ट दिसला आहे. आपले द्राक्षवाले क्लोराइड टाळण्यासाठी झिरो-झिरो-पन्नास वापरतात. कॅडमियमची शंका असलेल्या जमिनीत पालेभाजी आणि बटाट्यालाही तेच योग्य, जरी ते महाग पडलं तरी.

शेणखत आणि कंपोस्ट यांच्यावर माझा विश्वास सगळ्यात जास्त आहे. कुजलेला सेंद्रिय पदार्थ तांबं, शिसं आणि पारा यांना घट्ट धरतो. चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणारं विषारी सहासंयुजी क्रोमियम त्याच्या संगतीत तीनसंयुजी होतं, आणि ते फारसं हलत नाही, फारसं अपायकारकही नाही. कानपूरजवळच्या जाजमऊच्या शेतांना असा उपाय लागू पडण्याजोगा आहे. पण सेंद्रिय म्हणून डोळे झाकून काही घेऊ नये. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5, शिसं 100, क्रोमियम 50 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. बॅटऱ्या आणि रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात मिसळत असतील तर या मर्यादा गाठल्या जातात. अगदी काठावरचं कंपोस्ट हेक्टरी 5 टन टाकलं तर 25 ग्रॅम कॅडमियम येतं, वर मोजलेल्या दोन डीएपी गोण्यांच्या नऊपट. म्हणून कंपोस्टचा ट्रक उतरवून घेण्याआधी तपासणीचा अहवाल मागायचा. कचरा वेगळा करायला शहरातल्या माणसाला कंटाळा येतो, आणि त्याचा हिशेब शेताच्या मातीत लिहिला जातो.

या सगळ्या उपायांनंतरही धातू मातीतच राहतो, हे मनावर घेतलं पाहिजे. वरून सांडपाणी येत राहिलं तर चुन्याच्या गोण्या किती टाकणार? मुंबईत रेल्वेच्या रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली पालेभाजी सगळ्यांनी पाहिली आहे. पालक ही धातू पानांत साठवणारी भाजी. तिथे खताचा हिशेब करण्याआधी पाणी बदललं पाहिजे, आणि ते बदलता येत नसेल तर तिथे पालक घेऊ नये. फुलझाडं लावावीत. प्रदूषण जिथून येतं ते तोंड बंद करणं हे पहिलं काम आहे, त्याच्यासाठी खताला जामीन ठेवता येत नाही.

शेतकऱ्याच्या हातात आज मृदा आरोग्य पत्रिका असते. 2015 साली सुरू झालेल्या या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. त्यात सामू, सेंद्रिय कर्ब आणि जस्त आहेत, आणि या तीन आकड्यांवरूनच आपली जमीन धातूला धरून ठेवणारी आहे की सोडून देणारी, याचा अंदाज घरी बसून बांधता येतो. सामू सहाच्या खाली, कर्ब कमी आणि जस्तही कमी असेल आणि वरच्या अंगाला कारखाना, खाण किंवा शहराचा नाला असेल, तर थांबून चौकशी करावी. कॅडमियम आणि शिशाचा रकाना मात्र त्या पत्रिकेवर नाही. तो घालणं अवघड नाही. जस्त मोजण्यासाठी प्रयोगशाळा डीटीपीए नावाच्या द्रावणानं मातीतून धातू उतरवते. त्याच द्रावणात कॅडमियम, शिसं आणि निकेलही उतरतात. म्हणजे बाटली तीच, यंत्रही तेच, त्या धातूचा दिवा तेवढा यंत्रात बदलून लावायचा. औद्योगिक वसाहतींच्या आणि शहरी नाल्यांच्या काठच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून कृषी विभागाकडे हा रकाना मागावा.